शंभराला एक कमी

कालव्याकडच्या गल्लीच्या आखणीच्या दिवशी सकाळी आत्यानं दुधावरची सगळी साय धाकटीच्या चहात सोडली, आणि ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता पन्नाशीला टेकलेल्या बाईनं सायीवरून जळावं हे काही शोभणारं नव्हे. ताईलाही ते कळत होतं. पण कळलं की वळलं, असं जगात कितीसं होतं? दूध पाच माणसांत एक लिटर मिळायचं, तेही रांगेत उभं राहून, आणि वादळ झाल्यापासून पाच महिने त्या रांगेत कोण उभं राहत होतं? ताई. चहा कुणी केला? ताईनं. साय मात्र गेली पाहुणीच्या कपात.

"पी गं पोरी," आत्या म्हणाली. "आज दिवसभर उन्हात उभं राहायचंय तुला."

"मग मी काय सावलीत बसणारे?" ताई म्हणाली.

"तुला सवय आहे," आत्या म्हणाली आणि पातेलं खरवडायला लागली.

धाकटीनं कप पुढे केला. "ताई, अर्धा तू घे ना."

हे तर आणखी वाईट. समोरच्यानं दिलदारपणा दाखवला की धड चिडताही येत नाही. "नको, मला साय पचत नाही," ताई म्हणाली. तिला दगडही पचतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाबा म्हणजे शहराचे मोजणीदार, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील. शहरात एक जागा अशी नव्हती जिच्या कागदावर या दोघांपैकी एकाची सही नाही. बावीस वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले. तेव्हापासून उन्हातान्हात साखळी ओढून मोजायचं ताईनं आणि घरी खुर्चीत बसून सही करायची बाबांनी. परवाना त्यांच्या नावावर होता. तो बदलून घ्यावा असं कधी कुणाला सुचलं नाही, खुद्द ताईलासुद्धा नाही. आणि त्याच वर्षी धाकटी शिकायला म्हणून जी बाहेर गेली, ती आत्ता वादळानंतर परतली. पुनर्बांधणी कार्यालयाची जीप, पायात पिवळ्या तळाचे बूट, हाताखाली चार माणसं, आणि तिपाईवर बसवायचं एक यंत्र. यंत्रानं दिवसाला एक गल्ली मोजून होते म्हणे. पेपरात तिचा फोटो आला. बाबांनी तो कापून कपाटाच्या काचेवर चिकटवला. त्याच कपाटात ताईचे बावीस वर्षांचे नकाशे गुंडाळून ठेवलेले होते.

"साहेब तयार का?" बाबांनी विचारलं. ते धाकटीला साहेब म्हणायचे, थट्टेनं. पण त्यांची छाती काही थट्टेनं फुगत नव्हती.

"तयार!" हे म्हणाला ताईचा नवरा. साखळीचं दुसरं टोक धरायला म्हणून हा माणूस एका उन्हाळ्यात कामाला आला, जावई झाला, आणि तेच टोक धरून राहिला. सगळं शहर त्याला 'दुसरं टोक' म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. आत्ता तो मेहुणीची तिपाई खांद्यावर घेऊन दारात उभा होता.

"अहो, ती उचलायला तिची चार माणसं आहेत," ताई म्हणाली.

"अगं, किती हलकी आहे बघ! आपली साखळी म्हणजे बैलाचं काम." तो हसला. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हसू गिळलं. तिपाई मात्र खाली ठेवली नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. ताईनं साखळीची कॅनव्हासची पिशवी खांद्याला लावली आणि ती निघाली. आज त्या पिशवीचं काहीच काम नव्हतं. तरी लावली.

पण या पिशवीत नुसती साखळी नव्हती. तिच्यात एक गोष्ट होती, जी धाकटीला माहीत नव्हती. जगात दोनच माणसांना माहीत होती, बाबांना आणि ताईला.

साखळी आजोबांनी घडवून घेतली होती. शंभर कड्या, कडी एक फुटाची. लोहारानं ज्या पट्टीवरून कड्या पाडल्या, ती पट्टीच एका टोकाला घासलेली निघाली. कडीमागे गव्हाच्या दाण्याइतकं कमी. आजोबांच्या हे लक्षात आलं दहा वर्षांनी, आणि तोवर अर्धं शहर मोजून झालं होतं. शंभर फुटांची साखळी खरी नव्व्याण्णव फुटांची होती. आजोबा आठ दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी ठरवलं की उरलेलं शहरही याच साखळीनं मोजायचं. "चूक सगळ्यांच्या पानात सारखी वाढली, तर कुणी उपाशी उठत नाही," असं ते म्हणाले. तेव्हापासून या शहरातले पन्नास फूट म्हणजे साडेएकोणपन्नास. गवंडी कुरकुरायचे. बाहेरून मापानं मागवलेलं कपाट इथल्या खोलीत कधी बसायचं नाही, आणि लोक शिव्या घालायचे सुताराला. झाकली मूठ सव्वा लाखाची. साखळी ज्याच्या हातात, त्यानंच हे जपायचं आणि त्यानंच पुढच्याला सांगायचं, अशी घरची रीत पडली.

धाकटी आली त्याच आठवड्यात बाबांनी ताईला बाजूला घेतलं. "छोटीला ते सांग. तिचं यंत्र खरे फूट मोजणार आणि कागदावर आहेत आपले फूट. घोटाळा होईल. तुझ्या तोंडून जाऊ दे, साखळी तुझी आहे."

"सांगते," ताई म्हणाली.

आणि नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू असं तीन आठवडे चाललं. तीन दिवसांपूर्वी तर धाकटीनं आपणहून विचारलं, "ताई, जुन्या मोजणीत मला माहीत असायला हवं असं काही आहे का गं?" नकाशे पुढ्यात पसरलेले, पेन्सिल कानावर, अगदी बाबांसारखी. तीच कानावरची पेन्सिल ताईच्या डोळ्यांत खुपली. हिला फोटो मिळाला, जीप मिळाली, बाबांची छाती मिळाली, माझा नवरा तिपाईसकट मिळाला. आता उरलीसुरली एक गोष्ट माझ्याकडे आहे, तीही हिच्याच झोळीत टाकू? "काय असणार?" ताई म्हणाली होती. "सगळं कागदावर आहे."

* * *

कालव्याकडच्या गल्लीत आता गल्ली म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. वादळानं समुद्र आत आणला, त्यानं घरं नेली, मग बुलडोझरनं ढिगारे नेले. उरली सपाट वाळू. एका टोकाला पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा, दुसऱ्या टोकाला कालव्याची भिंत, एवढंच काय ते जागेवर होतं. या दोहोंच्या मधे चोवीस घरं होती. शेवटचं, भिंतीला लागून, आत्याचं. शहरात सगळ्यात आधी हीच गल्ली आखायची होती. ही आखली की घरांचे परवाने सुटणार होते, आणि मागे आणखी चाळीस गल्ल्या आपल्या पाळीची वाट बघत होत्या. त्यांची माणसं शाळांच्या वर्गांत राहत होती, एकेका वर्गात चार चार बिऱ्हाडं.

चोवीस घरांचे मालक प्लास्टिकच्या पिशव्यांत आपापले कागद घेऊन उभे होते. जो तो आपलं दार जिथं होतं असं वाटत होतं तिथंच उभा होता. कार्यालयाचे मोठे साहेब छत्रीखाली. बाबांसाठी घरून खुर्ची आणली होती, ती भिंतीजवळ ठेवली. आत्या तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि हातानं हवेत दाखवायला लागली, "इथं माझी मोरी. इथं शिलाई मशीन. आता खिडकी जरा मोठी ठेवीन."

"ठेव की," बाबा म्हणाले. "साहेब घरचाच आहे."

धाकटीनं चौथऱ्याजवळ तिपाई रोवली आणि डोळा लावला. आरशाची काठी होती दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडे. "भाऊजी, दोन बोटं पुढे. बस!" खुंटी ठोकली, तिच्यापर्यंत चुन्याची फक्की पडली. पन्नास फूट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं मनात मोजलं: अर्धा फूट पुढे.

दुसरी खुंटी. एक फूट पुढे.

नवरा काठी घेऊन वाळूतून अक्षरशः पळत होता. माझ्यासाठी हा कधी असा पळाला नाही, ताईच्या मनात आलं. साखळी ओढताना अर्ध्या वाटेत विडी पेटवायचा.

सातव्या खुंटीला शिंप्यानं डोकं खाजवलं. "मॅडम, माझी पायरी अलीकडे होती असं वाटतंय."

"काका, पाणी आलं की आठवणीही हलतात," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "यंत्र चुकत नाही."

लोक हसले. 'सांग आता,' ताईनं स्वतःला म्हटलं. 'साडेतीन फूट झाले. आत्ता सांगितलंस तर एका वाक्यात काम आहे.' तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात मोठे साहेब बाबांना म्हणाले, "लेक काढलीत हो नाव राखणारी!" आणि बाबांनी मान डोलावली. ताई त्यांच्या खुर्चीमागेच, हातभर अंतरावर उभी होती. तिनं तोंड मिटलं.

बाराव्या जागेवर नर्सबाई अडून बसली. तिच्या कुंपणातल्या झाडाचा बुंधा वाळूतून वर आला होता आणि तिच्या हद्दीची अलीकडची खुंटी बुंध्याच्या पलीकडे पडली होती. "झाड माझं होतं. सगळी गल्ली सांगेल. हे शेजाऱ्याकडे कसं गेलं?"

आता धाकटीच्या कपाळाला आठी पडली. ती वळली. "ताई, तुला आठवतं? झाड कुणाकडे होतं?"

सगळी गल्ली ताईकडे बघत होती. ताईला त्या झाडाची फांदी न् फांदी आठवत होती. त्याच्याखाली बसून तिनं डबे खाल्ले होते.

"मी जमीन मोजते," ती म्हणाली. "झाडं नाही."

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा डोळा लावला. बारा झाल्या, पंधरा झाल्या, वीस. दरेक खुंटीला ती ठरवत होती की पुढच्या खुंटीला सांगू. हे असंच असतं. एकदा गिळलेला शब्द दर घटकेला जड होतो आणि मग बाहेर काढायला दोरखंड लागतो. तेविसावी खुंटी ठोकली आणि तिचा नवरा काठी घेऊन भिंतीशी आला.

धाकटीनं आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिपाई हलवून, पाणसळ बघून तिसऱ्यांदा वाचला.

"किती?" मोठे साहेब म्हणाले.

"अडतीस."

"पन्नास हवेत."

"हो. अडतीसच आहेत."

मोठ्या साहेबांनी फाईल उघडली. माणूस वाईट नव्हता, फाईलमधून बोलायचा एवढंच. "चाळीसच्या आत रुंदी असली की बांधायची परवानगी नाही. नियम आहे. मालकाला टेकडीवरच्या नव्या इमारतीत खोली मिळेल."

आत्याचा हात अजून हवेतच होता, खिडकीच्या जागी. "म्हणजे?" ती म्हणाली. "माझं घर कुठं गेलं?" मग धाकटीकडे वळून, "अगं पोरी, सांग ना त्यांना. तू साहेब आहेस ना?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. पिवळे बूट, कानावर पेन्सिल, आणि नजर यंत्राच्या आकड्यावरून हटेना.

आता खोटं कशाला बोला, ताईला गोड वाटलं. तीन आठवडे तिनं हाच चेहरा मनात रंगवला होता आणि तो अगदी बरहुकूम तसाच होता. पण तो गोडवा एक आवंढा गिळेपर्यंत टिकला. कारण मागून तिसऱ्या घराचा सायकलवाला ओरडला, "कागदावर पन्नास अन् जागेवर अडतीस! मोजणीदारानं बहिणीला कागदावर बारा फूट फुगवून दिले!"

"कुंपणानंच शेत खाल्लं की!"

"मग आमच्या कागदांचं काय? तेही असेच?"

गर्दी खुर्चीच्या दिशेनं सरकली. धाकटीनं हात वर केला आणि कार्यालयाच्या आवाजात म्हणाली, "शांत व्हा. मूळ मोजणी तपासावी लागेल." म्हणजे बाबांची. स्वतःच्या बापावर बोट ठेवताना तिचा आवाज फाटला, पण तिनं ठेवलं.

बाबांनी धाकटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून खुर्चीमागे पाहिलं. ऐंशी वर्षांची मान, ती वळायला वेळ लागला.

"सांगितलं नाहीस?" ते हळूच म्हणाले.

ताईनं आयुष्यात बाबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा नकाशा भिजला म्हणून थप्पडही. पण त्यांनी तिच्याकडे असं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, कधी पाहिलं नव्हतं. तिनं खांद्यावरची पिशवी काढली आणि वाळूत ओतली. लोखंड खळखळलं.

"अहो!" ती नवऱ्यावर ओरडली. "टाका ती काठी. टोक धरा."

"आत्ता?"

"नाहीतर काय पुढच्या जन्मी?"

आणि दोघं चौथऱ्यापासून निघाली. ती पुढे, तो मागे, बावीस वर्षांची चाल. साखळी ताणायची, खुणेची सुई रोवायची, "आली!" "सोडा!" पुढे. एक साखळी, दोन साखळ्या. चार खुंट्या ओलांडल्या, आठ ओलांडल्या, फक्कीच्या रेषा पायांखाली पुसल्या गेल्या. सहावी साखळी ओढताना ताईनं नर्सबाईला हाक मारली, "तुझी हद्द सहावीच्या अलीकडे एक खुंटी, बघ झाड कुठं येतंय!" नर्सबाईनं बघितलं. झाड तिच्या कुंपणात होतं. चोवीस जागा, बारा साखळ्या. बाराव्या साखळीची मूठ घेऊन ताई भिंतीशी गेली, आणि मूठ कालव्याच्या दगडाला टेकली. बोटभरही जागा उरली नाही.

मग शिंपी म्हणाला, "माझी पायरी अलीकडेच होती. मी म्हटलंच होतं."

"साखळीत बारा शंभर होतात. यंत्रात बारा कमी कसे पडले?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

ताई धापा टाकत होती. "कारण साखळी शंभराची नाही. नव्व्याण्णवची आहे." आणि तिनं सांगितलं. लोहार, घासलेली पट्टी, आजोबांचे आठ दिवस, सगळं. चार लोकांत, उन्हात, मोठ्यानं. सांगताना तिला वाटत होतं की कुणीतरी तिच्या अंगावरची कापडं एकेक करून उतरवतंय.

मग मागून एक जाड आवाज आला, "म्हणजे माझं कपाट!" सायकलवाला होता. "अहो, तीन वेळा रंधा मारला मी त्या कपाटाला! सुताराशी दहा वर्षं बोलत नाही!" आणि गल्ली हसायला लागली. हसता हसता नर्सबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. आत्या तिच्या पन्नास फुटांत मटकन खाली बसली, मुठीत वाळू घेऊन.

फक्त एक माणूस हसला नाही. "मला पण नाही सांगितलंस?" ताईचा नवरा म्हणाला. "बावीस वर्षं मी दुसरं टोक धरलं, आणि मला पण नाही?"

"अहो, धरणारीनं जपायचं असतं."

"मी काय पतंगाची दोरी धरत होतो?" तो म्हणाला आणि साखळीची मूठ त्यानं जरा जोरातच खाली टाकली.

मोठ्या साहेबांना हसण्यात रस नव्हता. "हे लेखी लागेल. शंभराला एक कमी, असा दाखला. मोजणीदाराच्या सहीनं."

कागद तिथंच जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला. धाकटीनं तो बाबांपुढे धरला. बाबांनी वाचला आणि परत केला.

"मी नाही मोजलं. बावीस वर्षं हिनं मोजलं, मी नुसता खुर्चीत बसून सही ठोकत होतो. हिची घ्या."

ताईनं पेन घेतलं. शहराच्या कागदावर तिची सही व्हावी असं तिला फार वर्षं वाटत आलं होतं, कुणाला बोलली नव्हती एवढंच. आज ती झाली, आणि झाली ती चुकीच्या कबुलीखाली. तिनं सावकाश, पूर्ण नाव लिहून केली.

* * *

लोक आत्याभोवती जमले तेव्हा धाकटी ताईला जीपच्या मागे घेऊन गेली.

"मी तुला विचारलं होतं," धाकटी म्हणाली.

"हो."

"आज झाडाचंही विचारलं. सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि तू मला आत्याच्या घरावरून जाऊ दिलंस. बाबांवरून जाऊ दिलंस. का, ताई?"

ताईला बहाणे सुचत होते. वेळ मिळाला नाही, रीत होती, धाडस झालं नाही. तिनं ते सगळे बाजूला सारले.

"मला तुझा चेहरा बघायचा होता," ती म्हणाली. "पडलेला."

धाकटीनं कानावरची पेन्सिल काढली आणि उगीच खिशात घातली. "बघितलास?"

"बघितला."

"मग? गार वाटलं?"

"घटकाभर वाटलं."

धाकटीनं बुटांवरची वाळू झटकली. "मी गेले त्या वर्षी बाबांना म्हटलं होतं, मला साखळी शिकवा, मी जात नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले, साखळी एकीलाच मिळते, आणि ती ताईला दिली. मी तिथं बाहेर सगळ्यांच्या जमिनी मोजत होते आणि इथं तू त्यांच्याबरोबर जेवत होतीस. मी काय तुझ्यावर जळले नसेन? पण मी तुझं घर नसतं गं पाडलं."

हे खरं होतं आणि ते खरं आहे म्हणून जास्तच लागलं.

धाकटी यंत्राकडे गेली. तिनं दोन-तीन बटणं दाबली आणि एक आकडा टाकला. यंत्र बारीकसं वाजलं.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"शंभराला एक. आता हे साखळीच्याच फुटांत मोजेल."

"एवढंच?"

"एवढंच."

आजोबांचे आठ दिवस, बाबांचे चाळीस उन्हाळे, तिचे बावीस, आणि ते दोन बटणांत मावले. ताईला रडू आलं नाही. तिनं नुसता यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला.

तेवढ्यात मागच्या गल्लीची माणसं आली. सकाळपासून ती टाकीच्या चौथऱ्यावर बसून तमाशा बघत होती. दहा-बारा जण, पुढे एक दाढीवाला रेडिओ दुरुस्तीवाला. ते यंत्राला वळसा घालून, धाकटीला वळसा घालून, थेट ताईसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, उद्या आमची गल्ली," तो म्हणाला. "तुम्हीच मोजा. साखळीनं. हे यंत्र आमच्या काय कामाचं? आज सत्तर वर्षांच्या म्हातारीला टेकडीवर धाडत होतं! तुम्ही आमचे, साखळी आमची. चाळीसच्या चाळीस गल्ल्यांचं हेच म्हणणं आहे. साहेबांना तसा अर्ज देतो आम्ही."

धाकटीनं ऐकलं. तिचा हात यंत्रावर होता तसाच राहिला आणि चेहरा पुन्हा मघासारखा झाला.

हे शब्द ऐकायला ताई बावीस वर्षं थांबली होती. तुम्ही आमचे, साखळी आमची. फक्त 'बरं' म्हणायचं होतं, तेवढंच. उद्यापासून बाबांची खुर्ची तिच्या मागे असती, नवरा तिच्या मागे असता, आणि ती चार माणसं तिच्यासाठी खुंट्या ठोकत असती. तिनं मनातल्या मनात हिशेब केला, सवयीनं. साखळीनं चाळीस गल्ल्या म्हणजे आठवड्याला एखादी, सणवार, आजारपण, पावसाचे महिने धरून दीड वर्ष. यंत्रानं सव्वा महिना.

"तुम्ही कुठं राहता आता?" तिनं विचारलं.

"शाळेत. सातवीचा वर्ग. चार बिऱ्हाडं आहोत, मधे चादरी बांधल्यात."

ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान खाली घातली नाही, विनवलंही नाही. नुसती उभी राहिली, त्या पिवळ्या बुटांत.

"यंत्रानं मोजून घ्या," ताई म्हणाली.

"पण ताई..."

"आमची साखळी तोकडी आहे. आत्ता ऐकलंत ना? सही करून आले मी. तोकडी आहे, आणि ओढायला वेळ लागतो. हिच्या यंत्रात ती चूकसुद्धा घातलीये आता. माझ्याकडे जे काय होतं ते सगळं तिच्याकडे आहे. जा, तिच्याकडे नाव लिहा."

माणसं घुटमळली, एकमेकांकडे बघितलं. मग रेडिओवाल्यानं पिशवीतून कागद काढला आणि तो वळला. त्याच्यामागे दुसरा वळला. पाहता पाहता धाकटीभोवती घोळका झाला. "मॅडम, आमचा नंबर कधी?" "मॅडम, कोपऱ्याची जागा माझी." बाबांनीही आपली खुर्ची उचलून तिकडे ठेवायला सांगितली, जवळून बघता यावं म्हणून. ताई ते बघत होती. तिला हेवा वाटत होता, सकाळी वाटला होता तेवढाच, दाणाभरही कमी नाही.

तिचा नवरा रुसून दूर उभा होता, हात रिकामे. एकदा घोळक्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" ताई म्हणाली. "तिची काठी वाळूत पडलीये. जा, धरा."

"आणि तुझं टोक?"

"त्याला दोघं कशाला लागतात?" ताई म्हणाली आणि खाली बसून एकटीच साखळी गुंडाळायला लागली.